इटालियन ओपनिंगमध्ये डाव सारखे बरोबरीत सुटतात? फ्यूजपासून वायंडिंगपर्यंत तपासून बघा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं मोटार रिवायंडिंगचं छोटं दुकान आहे. यंत्रमागाच्या मोटारी, बोअरचे पंप आणि उन्हाळा लागला की कूलर. रविवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी आमच्या ओसरीवर जुनी चादर अंथरून चार-पाच जण बुद्धिबळाला बसतात. कुणी शिकवणी घेऊन खेळलेला नाही, पण डाव लिहून ठेवायची सवय मी सगळ्यांना लावली आहे. त्यामुळे कुणाचं काही बिघडलं की वही माझ्याकडे येते.

नव्वद टक्के वेळा तक्रार एकच असते. "हरत नाही, पण जिंकतही नाही. इटालियन लावतो, छान बसतो, आणि अर्धा गुण घेऊन उठतो." (ओपनिंग म्हणजे डावाच्या ठरलेल्या पहिल्या चाली, इटालियन ही त्यातली एक.) पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, "दुसरी ओपनिंग सांग." म्हणजे मोटार सुरू होत नाही म्हणून थेट वायंडिंग जाळून काढा म्हणण्यासारखं आहे. अहो, आधी फ्यूज तर बघा.

लक्षणं

तुमच्या डावांत यातलं काय दिसतं?

- वीस-पंचवीस चालींत पटावर प्यादी आणि एखादी जोडी उरते. मग दोघंही राजा इकडून तिकडे नेत बसता.
- एखादं प्यादं जास्त असतं, कधी अख्खी सोंगटी जास्त असते, तरी शेवटी हात मिळवून उठता.
- स्थिती चांगली असताना त्याच त्या चाली फिरून येतात आणि समोरचा पंचाला बोलावतो.
- तुमच्याकडे वजीर, त्याच्याकडे एकटा राजा, आणि तो हसून म्हणतो, "मला चालच नाही."
- समोरच्याचं मानांकन जास्त आहे म्हटल्यावर पंधराव्या चालीला "ड्रॉ?" तुमच्याच तोंडून निघतं.

यातलं एकच लक्षण असेल तर काम सोपं आहे. तीन-चार असतील तर बहुतेक वेळा मूळ एकच निघतं. ते कुठलं, ते पुढे येईलच.

आधी बघा, बिघाड आहे का

प्रत्येक बरोबरी म्हणजे बिघाड नाही. २०१८ला लंडनमध्ये कार्लसन आणि कारुआना विश्वविजेतेपदासाठी खेळले. बाराच्या बारा मुख्य डाव बरोबरीत सुटले. त्यांना कुणी ओपनिंग बदला म्हणालं नाही. २०२५च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही मोठे डाव बरोबरीत सोडवले आणि जलद डावांत कप नेला.

आपल्यासारख्यांचाही हिशोब करून बघा. समोरचा मानांकनात तुमच्यापेक्षा २०० गुणांनी वर असेल तर गणितानं तुमच्याकडून एका डावात साधारण पाव गुणाचीच अपेक्षा असते. बरोबरी केलीत तर अर्धा गुण मिळतो. नव्या खेळाडूंना लागणारा ४०चा गुणक धरला, म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त मिळालेला गुण ४०नं गुणला, तर एका डावात मानांकनात दहाएक गुणांची वाढ होते. ही बरोबरी घरी जाऊन सांगण्यासारखी आहे. बिघाड तेव्हाच म्हणायचा, जेव्हा बरोबरीच्या किंवा खालच्या खेळाडूशी, चांगल्या स्थितीतून, पुन्हा पुन्हा हेच होतं.

पहिली तपासणी: वही (खर्च शून्य)

शेवटचे दहा बरोबरीचे डाव काढा. प्रत्येकापुढे एकच शब्द लिहा: तडजोड (दोघांनी ठरवून बरोबरी), पुनरावृत्ती, स्टेलमेट (शह नाही, पण चालही उरली नाही), घड्याळ, किंवा "काहीच उरलं नाही". बाकी काही लिहायचं नाही.

हे का करायचं, तर आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही म्हणून. आमच्या शेजारचे अण्णा, टॉवेलच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, छातीठोकपणे सांगायचे की त्यांचे डाव समोरचे लोक पुनरावृत्ती करून वाचवतात. वही काढली. दहात पुनरावृत्ती दोनदा. तडजोड पाच वेळा, आणि त्यातल्या चारदा विचारणारे अण्णाच!

"असं कसं?" म्हणून त्यांनी वही दोनदा उलटसुलट करून पाहिली.

डाव लिहितच नसाल तर इथेच थांबा. पुढचं वाचून उपयोग नाही. आधी दहा डाव लिहा आणि मग या.

दुसरी तपासणी: ड्रॉ कोण विचारतं?

हा फ्यूज. स्वस्तात स्वस्त दुरुस्ती, आणि निम्मी माणसं इथेच बरी होतात.

नियमाप्रमाणे आपली चाल करायची, मग विचारायचं, मग घड्याळ दाबायचं. समोरचा विचार करत असताना विचारणं बरं दिसत नाही आणि नियमालाही धरून नाही. पण माझा मुद्दा शिष्टाचाराचा नाही. विचारण्याच्या आधीच्या क्षणी मनात काय असतं ते पकडा. "आता काय करू सुचत नाही" असं असेल तर ती बरोबरीची स्थिती नाही, तुम्ही दमलेले आहात. उठून पाणी प्या, तोंडावर मारा. मे महिन्यात आमच्या ओसरीवर दुपारी तीन वाजता निम्म्या तडजोडी उन्हामुळे होतात, असं माझं मत आहे.

औषध सोपं आहे. तीन महिने तिसाव्या चालीच्या आधी ड्रॉ विचारायचा नाही आणि द्यायचाही नाही. समोर कुणीही असो.

यावर कुणी म्हणतं, सारखंच दिसत असताना उगाच कशाला ओढायचं? १२ डिसेंबर २०२४ आठवा. सिंगापूर, विश्वविजेतेपदाचा चौदावा डाव. तेव्हाचा विश्वविजेता, चीनचा डिंग लिरेन पांढऱ्यानं खेळत होता, समोर आपला गुकेश. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, गुकेशकडे एक प्यादं जास्त. जगभरचे जाणकार म्हणत होते की हा डाव बरोबरीतच जाणार. गुकेश मात्र हात पुढे न करता खेळत राहिला. पंचावन्नाव्या चालीला डिंगनं हत्ती एफ२वर (उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८) आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली. गुकेशनं हत्ती मारला, मग उंटासमोर उंट आणून ठेवला. डिंगचा उंट कोपऱ्यात अडकलेला, पळायला जागा नाही. तोही बदलून गेला आणि उरला तो राजा-प्याद्यांचा जिंकलेला शेवट. अठरा वर्षांचा मुलगा विश्वविजेता झाला.

हा डाव लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा लागणार आहे, कारण डिंगची चूक आणि अण्णांची चूक एकाच जातीची आहे.

तिसरी तपासणी: त्याच चाली फिरतात का?

तोच पट, चालही त्याच माणसाची, कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) वगैरेचे हक्कही तेच, असं तिसऱ्यांदा झालं की बरोबरी मागता येते. तीन वेळा लागोपाठच यावं असं नाही. मध्ये दहा चाली गेल्या तरी चालतं. इथेच लोक फसतात, कारण ते फक्त शेवटच्या दोन चाली आठवत असतात.

मागायची पद्धत नीट कळून घ्या. जी चाल केल्यावर तिसऱ्यांदा तीच स्थिती येणार आहे ती पटावर करायची नाही. ती कागदावर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचाला सांगायचं. चाल करून बसलात तर त्या वेळेचा हक्क गेला. आणि दावा चुकीचा निघाला तर समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात. काही ॲपवर हे सगळं आपोआप होतं, म्हणून मोबाईलवर वाढलेली पोरं खऱ्या स्पर्धेत इथे गोंधळतात.

ज्याला बरोबरी नको आहे त्यानं स्थिती दुसऱ्यांदा आली की वहीत छोटी टिंब करायची. टिंब दिसली की वेगळी चाल शोधायची, थोडी कमी चांगली असली तरी. वेगळी चाल खरंच हरवणारी असेल तर बरोबरी घ्या, त्यात कमीपणा नाही.

चौथी तपासणी: स्टेलमेट आणि घड्याळ

हे थोडक्यात, कारण इथे डोकं कमी आणि सवय जास्त लागते.

एकट्या राजाला वजिरानं कोंडताना एक घर विसरू नका. राजा कोपऱ्यात असेल तर त्याच्यापासून घोड्याच्या उडीवर वजीर ठेवायचा नाही. काळा राजा एच८, पांढरा वजीर जी६. शह नाही, पण जी८, जी७, एच७ तिन्ही घरं बंद. दुसरी सोंगटी नसेल तर स्टेलमेट. माझ्या भाच्यानं हे एका महिन्यात तीनदा केलं. मग त्याला नियम घालून दिला: समोर एकटा राजा उरला की प्रत्येक चालीआधी "याला कुठं जाता येतंय?" असं मनात म्हणायचं आणि ते घर डोळ्यांनी शोधायचं. घर दिसलं नाही आणि आपली चाल शह देणारीही नाही, तर हात मागे.

वजिरानं एकट्या राजावर मात जास्तीत जास्त १० चालींत होते, हत्तीनं १६. अचूक खेळलं तर. आपल्याला दुप्पट लागल्या तरी ५० चालींच्या नियमात (तेवढ्या चालींत काही मारलं नाही, प्यादं हललं नाही तर बरोबरी मागता येते) आरामात बसतं. हे दोन शेवट झोपेतसुद्धा जमले पाहिजेत. उंट-घोड्यानं मात करायला अचूक खेळूनही तेहतीसपर्यंत चाली लागू शकतात. ती आत्ता सोडा, वर्षात एकदा येते.

घड्याळाचं असं की तुमची वेळ संपली आणि समोरच्याकडे एकटा राजा असेल तर तुम्ही हरत नाही, बरोबरी होते. वजीर हातात असताना अर्धा गुण गेला तर तो तिथे गेला नाही. तो ओपनिंगच्या सहाव्या चालीला तुम्ही बारा मिनिटं विचार केलात तेव्हाच गेला.

पाचवी तपासणी: ओपनिंग (आता आलो तुमच्या आवडीच्या जागेवर)

वरचं सगळं ठीक असेल तरच हे उघडायचं.

आमच्या ओसरीवरचा ठरलेला डाव असा (आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; नुसतं घर लिहिलं की ती प्याद्याची चाल). ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ उंट सी५. दोघांचे उंट एफ२-एफ७ कडे बघत बसलेले. कॅसलिंग, घोडा एफ६. डी३ डी६. घोडा सी३, कॅसलिंग. आता पट मधोमध दुमडला तर दोन्ही बाजू एकमेकींवर बसतील. इटालियन भाषेत या शांत प्रकाराला पियानिसिमो म्हणतात, म्हणजे अगदी हळू आवाजात. सतराव्या शतकात ग्रेको या इटालियन खेळाडूनं या ओपनिंगमधून लोकांचे राजे भर पटावर मारले. आपण तिच्यात हळू आवाजाचं घोरणं केलं.

पुढे काय होतं ते बघा. पांढरा उंट ई३. काळा लगेच मारतो, एफ-प्याद्यानं परत मारणं. काळा उंट ई६. पांढरा लगेच मारतो, काळ्याचं एफ-प्यादं ई६वर. नऊ चाली झाल्या. दोघांची दुहेरी प्यादी ई-पट्टीवर, एफ-पट्टी सताड उघडी, चारही उंट डब्यात.

यात बरोबरी का लपलेली आहे? काळ्याचं ई६चं प्यादं डी५ आणि एफ५ ही दोन्ही घरं राखतं. पांढऱ्याचं ई३चं प्यादं डी४ आणि एफ४ राखतं. म्हणजे उरलेल्या चारही घोड्यांना बसायला पुढे एक चांगलं घर नाही. आणि उघडी पट्टी एकच, एफ. दोघांचे हत्ती तिथेच येणार आणि तिथेच एकमेकांना मारून डब्यात जाणार. मग वजिरावजिरी. पंचविसाव्या चालीला चहा.

दुरुस्तीला ओपनिंग बदलायची गरज नाही, एक-दोन खिळे बदलायचे.

पांढऱ्यासाठी: घोडा सी३ ऐवजी प्यादं सी३. एवढ्या एका चालीनं आरसा फुटतो. डी४ची धमकी तयार होते, आणि उंटाला बी३वरून सी२वर सरकायला वाट मिळते. राजाकडचा हत्ती ई१वर गेला की बी१चा घोडा डी२, एफ१, जी३ असा वळसा घेऊन काळ्या राजाच्या अंगणात येतो. आजचे मोठे खेळाडू इटालियन बहुतेक असंच खेळतात. सोंगट्या पटावर ठेवून, हळूहळू दाबत.

आणि सवयीनं घोडा सी३ गेलाच, काळ्याचा उंट ई६वर आलाच, तरी मारू नका. उंट बी३वर न्या. त्याला मारायचं तर मारू दे, तुम्ही ए-प्याद्यानं परत मारा. तुमच्या हत्तीला जागेवर बसून ए-पट्टी मिळाली. हीच अदलाबदल, पण भाडं त्यानं भरलं.

काळ्यासाठी: पांढऱ्याचा उंट ई३वर आला की मारायची घाई नको. बी६वर जाऊन बसा. सी३ची तयारी दिसली तर ए६ खेळून उंटाला ए७चं घर करून ठेवा. आणि पांढऱ्याचा उंट जी५वर येऊन तुमच्या घोड्याला खिळवतो (घोडा हलला तर मागचा वजीर जातो) तेव्हा, तुम्ही अजून कॅसलिंग केलं नसेल तरच, एच६ आणि जी५ असं प्याद्यांनी त्याला हुसकून लावायचा विचार करता येतो. कॅसलिंग करून बसलेला असाल तर तोच उद्योग स्वतःच्या राजाचं छप्पर काढण्याचा होतो.

फ्रेंचमध्येही हाच आजार आहे. ई४ ई६, डी४ डी५ आणि पांढरा डी५वर मारतो, लगेच आरसा. तिथेही एकानं राजा एका बाजूला आणि दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूला नेला की झोप उडते.

सहावी तपासणी: मारामारी का करता?

खरा बिघाड बहुतेक इथेच सापडतो. मी वह्या बघायला बसलो की ओपनिंगची पानं पटकन उलटतो आणि प्रत्येक अदलाबदलीपाशी थांबून विचारतो, "हे का मारलं?" नव्वद टक्के उत्तर एकच असतं, "सोपं होईल म्हणून."

कुणासाठी सोपं?

अण्णांचा एक डाव पूर्ण सांगतो, कारण तो माझ्याशीच झाला आणि मी काळ्यानं वाचलो. वर लिहिलेलीच इटालियन, तशीच आरशासारखी. चाळिसाव्या चालीच्या आसपास त्यांनी माझं एक प्यादं उचललं. मग बाकीची प्यादी एकमेकांत संपली. उरलं काय, तर अण्णांचा राजा, हत्ती आणि सी-पट्टीवरचं एक प्यादं. माझा राजा आणि हत्ती. प्यादं अजून आपल्या मूळ घरात, सी२वर होतं. अण्णांनी विचार न करता ते सी३वर सरकवलं. दोन चालींनी हत्तींची अदलाबदल देऊ केली. मी आनंदानं घेतली.

आता पटावर तीनच सोंगट्या. पांढरा राजा सी४, प्यादं सी३, काळा राजा सी६. चाल अण्णांची.

दोन राजे समोरासमोर, मध्ये एक घर. अशा वेळी ज्याची चाल त्याची पंचाईत. अण्णा डी४वर गेले, मी डी६. परत सी४, मी सी६. ते बी४, मी बी६. परत सी४, मी सी६. त्यांचा राजा कधीच पुढे घुसू शकला नाही. शेवटी राजा पुन्हा डी४वर नेऊन त्यांनी प्यादं ढकललं: सी४, सी५, सी६. मी राजा सरळ मागे, थेट सी८वर. तिरका गेलो असतो तर मेलो असतो. प्यादं सी७वर आलं, शह, मी परत सी८. आता त्यांनी प्यादं वाचवायला राजा सी६वर आणला आणि मला चालच उरली नाही. स्टेलमेट.

"एक प्यादं जास्त होतं की रे!" अण्णा म्हणाले.

मी सोंगट्या परत लावल्या. तोच पट, फक्त प्यादं सी३ऐवजी सी२वर. "आता तुमची चाल. काय खेळाल?" बराच वेळ बघत बसले. मग बोटानं प्यादं एक घर सरकवलं, सी३. आता राजे समोरासमोर आणि चाल माझी. मी डी६वर गेलो तर त्यांचा राजा बी५वर घुसतो, मी बी६वर गेलो तर डी५वर. डाव त्यांचा. प्याद्याची एक राखीव चाल हातात असती तर पूर्ण गुण होता. ती त्यांनी दहा मिनिटांपूर्वी उगाच खर्च केली होती.

म्हणून मारामारीआधी तीन प्रश्न. सोंगट्या गेल्यावर पट कसा दिसेल? तेव्हा चाल कुणाची असेल? आणि मी हे जिंकायला करतोय की सुटकेचा श्वास घ्यायला? तिसऱ्याचं उत्तर "सुटका" असेल तर हात मागे. डिंगनंही हत्ती देऊ करताना हेच केलं असणार, असं मला वाटतं. पटावर कमी सोंगट्या म्हणजे कमी काळजी. पण कमी सोंगट्या म्हणजे चुका लपवायला कमी जागा, हे उलटं गणित आपल्या डोक्यात बसत नाही.

दोन अदलाबदलींपाशी खास सावध राहा. एक, शेवटी दोघांकडे एकेक उंट उरून एकाचा पांढऱ्या घरांवर आणि दुसऱ्याचा काळ्या घरांवर फिरत असेल तर एक काय, कधी कधी दोन प्यादी जास्त असूनही जिंकता येत नाही. त्याचा राजा आणि उंट तुमच्या उंटाला न दिसणाऱ्या घरांवर कुलूप लावून बसतात. दोन, कडेचं प्यादं. एच-प्यादं आणि पांढऱ्या घरांवर फिरणारा उंट उरला आणि काळा राजा एच८वर पोचला, तर विसरा. एच८ काळं घर आहे, तुमचा उंट त्याला तिथून कधीच हुसकू शकत नाही.

सातवी तपासणी: हत्तींचा शेवट (हे वायंडिंग)

इथे मेहनत आहे, आणि दुसरा उपाय नाही. हौशी खेळाडूंच्या वह्यांत सगळ्यात जास्त शेवट हत्तींचे निघतात, कारण हत्ती सगळ्यात उशिरा बाहेर पडतात. दोन स्थिती पाठ करा, बाकी मागून येईल.

पहिली फिलिडोरची, बचावासाठी. तुमचा राजा त्याच्या प्याद्यासमोर. तुमचा हत्ती तुमच्या बाजूनं तिसऱ्या ओळीवर, म्हणजे त्याच्या राजाला पुढे येता येत नाही. त्याचं प्यादं त्या ओळीवर आलं की त्याच्या राजाला लपायला जागा राहत नाही. मग हत्ती पार मागे न्यायचा आणि पाठीमागून शह देत सुटायचं. बरोबरी.

दुसरी लुसेनाची, जिंकण्यासाठी. तुमचं प्यादं सातव्या ओळीवर, राजा त्याच्या पुढे आठव्या ओळीवर अडकलेला, त्याचा राजा तुमच्या हत्तीनं एक पट्टी पलीकडे अडवलेला. हत्ती चौथ्या ओळीवर आणायचा, म्हणजे राजा बाहेर पडल्यावर शह आला की हत्ती मध्ये घालून पूल बांधता येतो. गंमत म्हणजे लुसेनाच्या १४९७च्या पुस्तकात ही स्थिती नाहीच. नाव मात्र त्याचंच चिकटलं.

मी गड्ड्याच्या यात्रेत घेतलेला चुंबकी पट दुकानात ठेवला आहे. वार्निश वाळेपर्यंत मोटारीला हात लावता येत नाही, तेवढ्या वेळात या दोन स्थिती लावतो. दोन्ही बाजूंनी. आपणच पांढरे, आपणच काळे. महिन्याभरात हात बसतो.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

स्पर्धेत दावा, घड्याळ किंवा "मी ड्रॉ म्हणालोच नव्हतो" असला वाद झाला तर एक शब्द जास्त बोलू नका. घड्याळ थांबवा, पंचाला हाक मारा. त्याचं काम आहे ते. मध्येच पालकांनी पटाजवळ जायचं नाही. मुलाचा फायदा होत नाही, तोटा होतो.

इंजिन (बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्राम) लावून स्वतःच शोधायचं असेल तर एका डावामागे तीन जागा बघा आणि बंद करा. मोबाईल "बरोबरी" म्हणतो म्हणजे त्याच्यासाठी बरोबरी. तुमच्या समोर बसलेल्या माणसानं त्या वीस अचूक चाली शोधायच्या असतात. इंजिन का ते सांगत नाही, आणि का ते कळल्याशिवाय पुढच्या रविवारी तीच चूक होते.

वरचं सगळं तीन महिने प्रामाणिकपणे केलं आणि वहीतला "काहीच उरलं नाही" हा शेरा कमी झाला नाही, तर प्रशिक्षकाकडे जा. किंवा सोंगट्या न बदलता काय करायचं हेच सुचत नसेल, प्रत्येक चालीला पट रिकामा वाटत असेल, तरीही जा. ते शेजाऱ्याच्या ओसरीवर दुरुस्त होणारं काम नाही. जाताना बरोबरीचे दहा डाव लिहिलेले न्या. जो आधी वही मागतो त्याच्याकडे थांबा. जो वही न बघता नवी ओपनिंग विकतो त्याच्याकडून चहा घेऊन परत या. आणि मूल बरोबरी झाल्यावर रडत असेल, जेवत नसेल, स्पर्धेच्या आदल्या रात्री झोपत नसेल, तर बुद्धिबळ बाजूला ठेवा आणि आधी मुलाशी बोला. गरज पडली तर डॉक्टरांशी.

एक सांगायचं राहिलं. दुरुस्ती लागू पडली की सुरुवातीला हार वाढते. सोंगट्या पटावर ठेवल्या की त्या तुमच्यावरही पडतात. अण्णांच्या वहीत यानंतरच्या दहा डावांत तीन विजय, तीन बरोबरी, चार पराभव आहेत. आधी सात बरोबरी असायच्या. चारपैकी दोन पराभव माझ्याकडून आहेत, आणि तीनपैकी एक विजय माझ्याविरुद्ध. राखीव प्यादं त्यांनी त्या डावात शेवटपर्यंत दुसऱ्या ओळीवर ठेवलं होतं. परवा सांगून गेले आहेत की येत्या रविवारी घोडा सी३ नाही, प्यादं सी३ येणार. मी ए६ खेळावं की आणखी काही, ते अजून ठरवलेलं नाही.